घरी चालणारी क्वेरी ऑनलाइन टूलमध्ये टाकली की एरर १०६४, काय चुकतंय?

मी_नवशिकी

नमस्कार मंडळी, डोकं बंद पडलंय म्हणून शेवटी इथे विचारतेय. आधीच सांगते, मोबाईलवरून टाइप करतेय आणि कीबोर्ड मराठीवर आहे, त्यामुळे कोडसुद्धा देवनागरीतच येईल, सांभाळून घ्या.

तर झालं असं की आमच्या गावात दरवर्षी कबड्डीच्या मॅचेस होतात, आठ संघ, दोन गट, आणि सगळा हिशोब माझा भाऊ वहीत ठेवतो. मी सध्या डेटा अ‍ॅनालिस्टचा क्लास लावलाय, तिथे प्रोजेक्ट द्यायचाय, म्हटलं हाच डेटा घेऊ, क्लासचंही काम होईल आणि भावालाही मोबाईलवर पॉइंट टेबल बघता येईल. घरच्या लॅपटॉपवर मायएसक्यूएल डेटाबेस चालवायला झॅम्प टाकलेलं आहे, त्यात पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये टेबलं बनवली, डेटा भरला, क्वेऱ्या लिहिल्या, सगळं एकदम मस्त चाललं. एकही एरर नाही, खरंच.

आता सर म्हणाले फाईल नको, ऑनलाइन टूलवर टाकून लिंक पाठवा. तिथे डावीकडे टेबलं बनवायचा कोड, उजवीकडे क्वेरी आणि वर रनचं बटण. मी माझी जशीच्या तशी फाईल पेस्ट केली, रन दाबलं, आणि हे आलं (मराठीत लिहितेय):

एरर १०६४: यू हॅव अ‍ॅन एरर इन युवर एसक्यूएल सिन्टॅक्स, चेक द मॅन्युअल वगैरे वगैरे... राइट सिन्टॅक्स टू यूज निअर 'ग्रुप्स ( आयडी इंट प्रायमरी की' अ‍ॅट लाइन १

माझा कोड असा आहे:

क्रिएट टेबल ग्रुप्स ( आयडी इंट प्रायमरी की, नाव व्हारचार(१०) );

क्रिएट टेबल टीम्स ( आयडी इंट प्रायमरी की, नाव व्हारचार(३०), ग्रुप_आयडी इंट, पॉइंट्स इंट, रँक इंट, फॉरेन की (ग्रुप_आयडी) रेफरन्सेस ग्रुप्स(आयडी) );

कंस दहा वेळा मोजले. स्वल्पविराम बघितले. प्रायमरी की काढून बघितली, परत लावली. इंटच्या जागी इंटिजर केलं. काही फरक नाही, तीच एरर, तीच लाइन १. घरी तोच कोड आत्ता या क्षणाला चालतोय. मग चूक माझी की टूलची? शुक्रवारी द्यायचंय.

झेरॉक्सवाला

टूलच भंगार असेल ताई. फुकटातली टूल्स अशीच असतात. दुसरं वापरून बघा. आणि ब्राउझरची कॅश क्लिअर करा.

रात्रपाळी_डीबीए

कॅशचा इथे काय संबंध भाऊ.

ताई, टूल बदलायच्या आधी एक काम करा, दोन्हीकडे ही एकच ओळ चालवा:

सिलेक्ट व्हर्जन();

आणि काय येतं ते इथे टाका. माझा अंदाज सांगून ठेवतो. झॅम्पमध्ये तुम्ही ज्याला मायएसक्यूएल म्हणताय ते मायएसक्यूएल नाहीच, मारियाडीबी आहे. झॅम्पवाल्यांनी २०१५ सालीच मायएसक्यूएल काढून मारियाडीबी बसवलं, पण कंट्रोल पॅनलवर बटणाचं नाव अजून मायएसक्यूएलच आहे, त्यामुळे निम्म्या लोकांना ते माहीतच नसतं. दोघं एकाच घरचे भाऊ, पण वेगळे राहायला लागून बरीच वर्षं झाली. ऑनलाइन टूलमध्ये बहुतेक खरं मायएसक्यूएल ८ असणार.

आता तुमची एरर. १०६४ आली की लोक आख्खा कोड वाचत बसतात. नका वाचू. फक्त 'निअर' या शब्दानंतर जे अवतरणात येतं ना, तेवढंच बघायचं. सर्व्हर कोड वाचत वाचत जिथे अडखळला तिथून पुढचा मजकूर तो तुम्हाला दाखवतो. म्हणजे चूक एक तर अवतरणातल्या पहिल्याच शब्दात असते, नाहीतर त्याच्या अगदी आधी, स्वल्पविराम राहिलाय वगैरे. तुमच्याकडे पहिला शब्द कोणता आला? ग्रुप्स. त्याच्या आधी फक्त 'क्रिएट टेबल' आहे, त्यात चुकायला जागाच नाही. म्हणजे गुन्हेगार ग्रुप्स.

मायएसक्यूएल ८.० मध्ये ग्रुप्स हा राखीव शब्द झाला. आणि खाली तुमच्या टीम्सच्या टेबलात दुसरा बसलाय तयारीत, रँक. तोही राखीव. दोन्ही ८.०.२ पासून. ८ मध्ये विंडो फंक्शन्स (ओळी एकत्र न करता गटागटाने क्रम वगैरे काढणारी) आली, रँक() हे त्यातलंच एक फंक्शन, ग्रुप्स हाही त्याच कुटुंबातला शब्द, म्हणून हे शब्द सर्व्हरने स्वतःसाठी ठेवून घेतले. ५.७ पर्यंत ते मोकळे होते, मारियाडीबीत आजही मोकळे आहेत. म्हणून घरी चाललं.

उपाय दोन. एक म्हणजे त्या शब्दाला बॅकटिक लावायचे, कीबोर्डवर एस्केपच्या खाली, १ च्या डावीकडे जी तिरकी उलटी खूण असते ती. पण मग ते प्रत्येक ठिकाणी लावावं लागतं, रेफरन्सेसमध्येसुद्धा, आणि एक जागा विसरली की परत १०६४. दुसरा उपाय, नावच बदला. ग्रुप्सचं गट करा, रँकचं क्रम करा, इंग्रजी अक्षरांत. मी असतो तर नाव बदललं असतं. मराठी नावांचा हा एक फायदा, जगातला कुठलाही डेटाबेस 'गट' हा शब्द राखीव ठेवणार नाही.

लाइन १ वर जाऊ नका. बरीच टूल्स सेमीकोलनवर कोड तोडून एक एक तुकडा सर्व्हरला पाठवतात, त्यामुळे ती लाइन त्या तुकड्यातली असते, तुमच्या फाईलमधली नाही. चाळिसाव्या ओळीतली चूकसुद्धा लाइन १ म्हणून येते.

मी_नवशिकी

दादा तुम्ही ज्योतिष बघता का? घरी १०.४.३२-मारियाडीबी आलं. टूलमध्ये ८.० ने सुरू होणारा नंबर आला.

पण एक गंमत सांगते. मी आधी सगळीकडे नाव न बदलता बॅकटिक लावून बघत होते, आणि रेफरन्सेसमध्ये लावायला खरंच विसरले, परत तीच एरर (निअर 'ग्रुप्स(आयडी)' आलं, या वेळी मात्र मला वाचता आलं!). तेही केलं. मग टेबलं बनली. पण मग माझ्या एका क्वेरीत टी.रँक असं लिहिलंय, टेबलाच्या अलायसनंतर (क्वेरीपुरतं टोपणनाव) टिंब देऊन, तिथे बॅकटिक नाहीत तरी ती क्वेरी चालली, आणि दुसऱ्या क्वेरीत नुसतं 'ऑर्डर बाय रँक' आहे तिथे एरर. हे काय आता? राखीव आहे की नाही?

रात्रपाळी_डीबीए

राखीवच आहे. पण टिंबानंतर जे येईल ते नावच असणार, दुसरं काही असूच शकत नाही हे सर्व्हरला कळतं, म्हणून तिथे तो सोडून देतो. टी.रँक चालणार, नुसतं रँक अडकणार. म्हणूनच म्हटलं नाव बदला, नाहीतर कुठे चालतं कुठे नाही हे लक्षात ठेवत बसाल.

मी_नवशिकी

बदललं. गट आणि क्रम. टेबलं बनली, इन्सर्ट झाले, देवाची कृपा. आता उजवीकडची साधीसुधी क्वेरी, सिलेक्ट स्टार फ्रॉम टीम्स, त्याला म्हणतोय

एरर ११४६: टेबल टीम्स डझन्ट एक्झिस्ट

अहो आत्ता तर बनवलं! डावीकडे दिसतंय, इन्सर्टसुद्धा झाले बिनतक्रार. की प्रत्येक रनला नवीन डेटाबेस होतो असं काही असतं? कुठेतरी वाचलं होतं.

वऱ्हाडी_ठेचा

हे माझ्यावर सोडा दादा, याच्यात मी दोन रात्री घातल्या आहेत.

ताई, नवीन डेटाबेस होतो हे खरंय, बऱ्याच टूल्समध्ये रन दाबलं की कोरा डेटाबेस उघडते, डावीकडचं चालते मग उजवीकडचं, आणि झालं की सगळं पुसून टाकते. पण डावीकडचं आधी चालत असल्यानं तुमची अडचण ती नाही. मला एक सांगा, क्रिएट टेबल लिहिताना टीम्सचा टी कॅपिटल होता का? आणि सिलेक्टमध्ये स्मॉल?

मी_नवशिकी

...हो. क्रिएट आणि इन्सर्टमध्ये कॅपिटल आहे, क्वेऱ्यांमध्ये सगळीकडे स्मॉल लिहिलंय. पण एसक्यूएलमध्ये कॅपिटल स्मॉलचा फरक पडत नाही असं पहिल्याच लेक्चरला शिकवलंय!

वऱ्हाडी_ठेचा

सिलेक्टला पडत नाही, फ्रॉमला पडत नाही, कॉलमच्या नावालाही पडत नाही. टेबलाच्या नावाला पडते, आणि तेही फक्त काही मशीनवर. हेच तर बेकार आहे न. विंडोजवर मायएसक्यूएल नि मारियाडीबी दोघंही टेबलाचं नाव स्मॉल करून ठेवतात, तुम्ही कसंही बोलवा, ते येते. लिनक्सवर जसं लिहिलं तसंच ठेवतात, कॅपिटल टीवालं एक टेबल आणि स्मॉल टीवालं दुसरं, दोन्ही एकत्र नांदू शकतात. तुमचा लॅपटॉप विंडोज, टूलचा सर्व्हर बहुतेक लिनक्स. झालं.

आणि अलायसलाही तेच लागू लिनक्सवर, वर कॅपिटल टी ठेवून खाली स्मॉल टी. लिहिलं की परत अडकते.

मी सरळ नियमच करून टाकला, टेबलाचं नाव स्मॉल, शब्द अंडरस्कोरनं जोडायचे, बस. आमच्या ऑफिसात एकानं विंडोजवर लिहिलेला प्रोजेक्ट शुक्रवारी संध्याकाळी सर्व्हरवर चढवला होता, त्यात सत्तावीस टेबलं, प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल आणि कोडमध्ये मनाला येईल तसं. शनिवार माझा गेला, त्याचा नाही.

मी_नवशिकी

चाललं!! दादा खूप खूप आभार, दोघांचेही. आता शेवटची एक क्वेरी राहिली, ती पण एरर देतेय पण ही वेगळी आहे, लांबलचक आहे. प्रत्येक गटात पहिला कोण ते काढायचंय, सेमी फायनलसाठी:

सिलेक्ट गट_आयडी, नाव, मॅक्स(पॉइंट्स) फ्रॉम टीम्स ग्रुप बाय गट_आयडी;

एरर १०५५. एक्स्प्रेशन नंबर २ ऑफ सिलेक्ट लिस्ट इज नॉट इन ग्रुप बाय... आणि शेवटी इनकम्पॅटिबल विथ एसक्यूएल_मोड = ओन्ली_फुल_ग्रुप_बाय.

घरी ही चालते आणि बरोबर उत्तर देते, अ गट वरची आळी ५, ब गट खालची आळी ५.

झेरॉक्सवाला

ही मला येते! सगळ्यात वर ही ओळ टाका, सेट एसक्यूएल_मोड = '' म्हणजे रिकामं. काम खल्लास. मी सगळ्या प्रोजेक्टमध्ये पहिली ओळ हीच ठेवतो.

रात्रपाळी_डीबीए

ताई थांबा. ती ओळ टाकू नका. आधी मला अ गटाचे चारही संघ आणि त्यांचे पॉइंट्स टाका बरं.

झेरॉक्स भाऊ, राग मानू नका, पण गाडीतला ऑइलचा लाल दिवा लागला म्हणून बल्ब काढून टाकण्यातली गत आहे ही.

मी_नवशिकी

अ गट: वरची आळी ३, माळवाडी ५, कुंभारवाडा ३, स्टँड १.
ब गट: खालची आळी ५, बाजारपेठ ५, तळेवाडी २, दत्तवाडी ०.
(जिंकलं की २, बरोबरीला १, आमच्याकडे एवढंच.)

अरे.

थांबा. वरची आळीचे तर ३ आहेत.

वऱ्हाडी_ठेचा

हा हा हा. माळवाडीची पोरं आली असती मांडवात.

मी_नवशिकी

अहो हसू नका, मी भावाला कालच सांगितलं की सेमीला वरची आळी आणि खालची आळी, तो ग्रुपवर टाकणारच होता, म्हटलं थांब एकदा लिंक बनू दे. मी दोन आठवडे हेच उत्तर बरोबर समजून बसलेय. घरी एकदाही एरर आली नाही हो!

रात्रपाळी_डीबीए

आली नाही हाच तर प्रॉब्लेम. बघा काय होतं. ग्रुप बाय गट_आयडी म्हटलं की चार ओळींची एक ओळ होते. मॅक्स(पॉइंट्स) म्हणजे ५, ते बरोबर. पण नाव कुणाचं द्यायचं? तुम्हाला वाटतं की ज्याचे ५ त्याचं. क्वेरीत तसं कुठेच लिहिलेलं नाही. मॅक्स हा एक हिशोब, नाव ही दुसरीच गोष्ट, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. मग मारियाडीबी त्या चारातलं कुठलंतरी एक नाव उचलते, बहुतेक वेळा आधी भरलेली ओळ, पण तीही गॅरंटी नाही. तुम्ही वरची आळी पहिली भरली असणार म्हणून ती आली, आणि शेजारी दुसऱ्याचे ५ चिकटले. ब गटात खालची आळी पहिली भरलेली आणि तिचे योगायोगाने ५ आहेत, म्हणून ते खरं वाटलं. एक बरोबर एक चूक, दोन्ही सारख्याच थाटात.

मायएसक्यूएलही पूर्वी असंच वागायचं. ५.७ पासून त्यांनी ओन्ली_फुल_ग्रुप_बाय आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली, म्हणजे जो कॉलम ग्रुप बायमध्ये नाही, ज्याच्यावर मॅक्स मिन सम असं काही लावलेलं नाही आणि जो ग्रुप बायवरून आपोआप ठरतही नाही, तो सिलेक्टमध्ये असेल तर उत्तरच द्यायचं नाही. मारियाडीबीत हे मोड आहे, पण मुळात बंद असतं. एररमधलं 'एक्स्प्रेशन नंबर २' म्हणजे सिलेक्टमधली दुसरी गोष्ट, तुमचं नाव. बोट ठेवून सांगतोय तो.

एनी_व्हॅल्यू(नाव) असंही लिहिता येतं, कुणीतरी सांगेल तुम्हाला, एरर जाईल. पण त्याचा अर्थच 'कुठलंही एक दे' असा आहे, म्हणजे परत वरची आळी.

तुम्हाला हवंय ते असं: प्रत्येक गटात पॉइंट्सप्रमाणे क्रम लावायचा आणि पहिल्या क्रमाचे घ्यायचे. यालाच ते रँक() आहे, ज्याच्यामुळे तुमचा पहिला कॉलम अडकला होता. मुळात क्रम टेबलात साठवायचीच गरज नाही, प्रत्येक मॅचनंतर बदलणार तो, पॉइंट्सवरून हवा तेव्हा काढा. विंडो फंक्शन वाचून स्वतः लिहून बघा आधी, अडलं तर टाका इथे.

मी_नवशिकी

लिहिली. तीन एरर खाल्ल्या, तिन्ही सांगते कारण पुढच्या कुणालातरी उपयोग होईल.

पहिल्यांदा मी रँक() ओव्हर वगैरे सगळं सरळ व्हेअरमध्येच टाकलं, '= १' असं. त्याने सांगितलं या ठिकाणी विंडो फंक्शन वापरता येत नाही, ३५९३. मग वाचलं की व्हेअर आधी चालतं आणि क्रम नंतर लागतो, म्हणून आत एक क्वेरी आणि बाहेर एक अशी करावी लागते. ती केली आणि आतल्या कॉलमला हौसेने नाव दिलं, अ‍ॅज रँक. स्वतःच्याच पायावर धोंडा, परत १०६४. ते क्रम केलं. मग १२४८, एव्हरी डिराइव्ह्ड टेबल मस्ट हॅव इट्स ओन अलायस, म्हणजे कंसातल्या क्वेरीचंसुद्धा बारसं करावं लागतं, नुसतं 'त' दिलं नाव.

शेवटी ही चालली:

सिलेक्ट गट_आयडी, नाव, पॉइंट्स फ्रॉम
( सिलेक्ट गट_आयडी, नाव, पॉइंट्स,
रँक() ओव्हर ( पार्टिशन बाय गट_आयडी ऑर्डर बाय पॉइंट्स डेस्क ) अ‍ॅज क्रम
फ्रॉम टीम्स ) अ‍ॅज त
व्हेअर क्रम = १;

उत्तर: माळवाडी ५, खालची आळी ५, बाजारपेठ ५. तीन आले. दोन यायला हवे होते ना?

वऱ्हाडी_ठेचा

तीनच बरोबर आहेत ताई. बाजारपेठ नि खालची आळी दोघांचे ५, रँक() दोघांनाही १ देते आणि पुढच्याला एकदम ३. रो_नंबर() लावलं असतं तर एकालाच १ मिळालं असतं, पण कोणाला ते त्याच्या मर्जीवर, म्हणजे परत कालचीच भानगड. टाय फोडायचा नियम तुमच्या पंचांना विचारा, क्वेरीला नका विचारू. गुणफरक धरत असतील तर तो कॉलम टाका आणि ऑर्डर बायमध्ये पॉइंट्सनंतर तो लिहा.

थर्ड_इयर_बॅकलॉग

मध्येच घुसतोय सॉरी, वेगळा धागा काढला तर कुणी बघत नाही. आमचं जर्नल ओरॅकलचं आहे, मी पण असल्याच टूलमध्ये करतोय. व्हारचार२ ला मायएसक्यूएलमध्ये १०६४ येते हे आता कळलं, ते मायएसक्यूएलला माहीतच नाही म्हणून. टूलमध्ये एसक्यूलाइट निवडलं तर मात्र सगळं पास झालं, व्हारचार२ पण, नंबर पण. मग ओरॅकलवालं टूल घेतलं तर तिथे वेगळंच नाटक. शहर कॉलम व्हारचार२(१०) आहे, 'वाई' गेलं, 'पुणे' अडकलं. पुणे! दोन अक्षरं आहेत यार. ओआरए-१२८९९, व्हॅल्यू टू लार्ज, अ‍ॅक्चुअल १२, मॅक्सिमम १०. इंग्रजीत लिहिलं की जातं.

रात्रपाळी_डीबीए

एसक्यूलाइटच्या पास होण्याला भुलू नकोस, त्याला टाइपच्या जागी काहीही लिहिलं तरी चालतं, तो आपल्या मनाने अर्थ लावतो. जर्नल ओरॅकलचं आहे तर ओरॅकलवरच चालव.

पुण्याचं सांगतो. प, उकार, ण, मात्रा, ही कॉम्प्युटरच्या हिशोबात चार चिन्हं, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणून १२. वाई म्हणजे व, काना, ई, तीन चिन्हं ९ बाइट, बसलं. ओरॅकलमध्ये व्हारचार२(१०) म्हणजे सहसा १० बाइट धरतात, अक्षरं नाही. व्हारचार२(१० चार) असं लिही, मग चिन्हं मोजेल. कोल्हापूर ९ चिन्हं, २७ बाइट, तेही मग बसेल. मायएसक्यूएल मुळातच चिन्हं मोजतं, म्हणून तिथे कुणाला हा त्रास कळत नाही.

थर्ड_इयर_बॅकलॉग

बसलं. पुणे आत आलं. धन्यवाद सर _/\_

मी_नवशिकी

परत मीच. भावाने वहीतून सगळ्या मॅचेसचे स्कोअर शोधून दिले, गुणफरक बाजारपेठ +१७, खालची आळी +९, कॉलम टाकला, ऑर्डर बायमध्ये जोडला, आता बरोब्बर दोन येतात, माळवाडी आणि बाजारपेठ. म्हणजे मी सांगितलेले दोन्ही संघ चुकीचे होते. एकही बरोबर नाही!! भाऊ म्हणाला बरं झालं ग्रुपवर टाकलं नाही, खालच्या आळीत आमची आत्या राहते.

लिंक सरांना पाठवली. आणि आत्ता त्यांचा मेसेज आलाय, तुझ्या कोडमध्ये सिन्टॅक्स एरर आहे. स्क्रीनशॉट पाठवलाय: १०६४, निअर '( पार्टिशन बाय गट_आयडी'. मला रडू येईल आता.

रात्रपाळी_डीबीए

रडू नका, वाचा. निअर कुठून सुरू झालंय? ओव्हरच्या पुढच्या कंसापासून. म्हणजे त्यांच्या सर्व्हरला ओव्हर हा शब्दच कळला नाही. सरांनी लिंक उघडून तिथे रन केलेलं नाही, कोड कॉपी करून स्वतःच्या मशीनवर टाकलाय, आणि तिथे ५.७ आहे. विंडो फंक्शन्स ८.० पासून. ५.७ चा सपोर्ट २०२३ च्या ऑक्टोबरमध्येच संपला, पण क्लासच्या लॅबमध्ये तो अजून दहा वर्षं जिवंत राहील.

सरांशी वाद घालू नका, मार्क त्यांच्या हातात आहेत. ही द्या, ५.७, ८, मारियाडीबी, तिन्हीकडे चालेल, थर्ड इयरच्या ओरॅकलवरसुद्धा, फक्त तिथे टेबलाच्या अलायसआधीचा अ‍ॅज काढावा लागेल:

सिलेक्ट टी.गट_आयडी, टी.नाव, टी.पॉइंट्स
फ्रॉम टीम्स अ‍ॅज टी
जॉइन ( सिलेक्ट गट_आयडी, मॅक्स(पॉइंट्स) अ‍ॅज सर्वाधिक फ्रॉम टीम्स ग्रुप बाय गट_आयडी ) अ‍ॅज म
ऑन टी.गट_आयडी = म.गट_आयडी अँड टी.पॉइंट्स = म.सर्वाधिक;

आधी प्रत्येक गटातला सर्वाधिक आकडा काढला, मग तो आकडा कुणाकुणाचा ते शोधलं. यात टाय फुटणार नाही, तीन नावं येतील, ते सरांना तोंडी सांगा.

मी_नवशिकी

पाठवली. सरांचा रिप्लाय: "चालली. पण तीन संघ कसे?"

भावाची वही घेऊन उद्या क्लासला जातेय.

झेरॉक्सवाला

मी आमच्या दुकानाच्या बिलिंगमधली ती पहिली ओळ काढून बघितली. अकरा रिपोर्टपैकी चार बंद पडले. रात्रपाळी दादा, तुम्ही आज रात्री आहात का जागे?

रात्रपाळी_डीबीए

आहे. नवीन धागा काढा, आणि व्हर्जन पहिल्या ओळीत टाका.